डबलरोटी, पाव आणि आपला चौका



दशलक्षण पर्व संपले की आपल्या घरांमध्ये ब्रेडचा प्रश्न हमखास निघतो. दहा दिवस सगळे शिस्तीत चालते. मग शाळा-कॉलेजचे डबे सुरू होतात, सुना नोकरीवर जातात आणि एखाद्या सकाळी ओट्यावर ब्रेडचा पुडा दिसतो. कोणी म्हणते, हिरवा ठिपका आहे, चालतो. कोणी म्हणते, पुड्यातला नको, बेकरीतला ताजा आणा. तिसरी म्हणते, मी घरीच करते, यूट्यूबवर पाहून. आणि घरातली सर्वांत मोठी बाई काही न बोलता आपली भाकर कुस्करते.

मंडळातल्या दोघी-तिघी मला म्हणाल्या, तुम्ही कॉमर्सवाल्या, एकदा हिशेब मांडून दाखवा. हिशेब मांडायला बसले तेव्हा लक्षात आले की रुपयांचा हिशेब दहा ओळींत संपतो. खरा हिशेब जुना आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी पाव चौक्यात येऊ दिला नाही, तो कशासाठी? ते कळल्याशिवाय आज कोणता आणायचा हे ठरत नाही. म्हणून आधी इतिहास, मग पाककृती.

माझी आजी कारंज्याची. ती पावाला कायम डबलरोटी म्हणायची आणि तोंड वाकडे करायची. "पायाने तुडवतात गं ते पीठ, म्हणून त्याला पाव म्हणतात," हे तिचे शास्त्र. तुमच्यापैकी अनेकींनी हेच ऐकले असेल. दुसरी व्युत्पत्ती चार पावांची लादी पाहून सांगतात, चौथा भाग म्हणून पाव. दोन्ही गमतीच्या आहेत, खऱ्या नाहीत. पाव हा शब्द पोर्तुगीज आहे, त्यांच्या भाषेत ब्रेडला जवळजवळ असेच म्हणतात. १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतला, त्यानंतर तो शब्द आणि तो पदार्थ आपल्या किनाऱ्यावर उतरला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही पोदेर म्हणतात, तोही शब्द पोर्तुगीज.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट. पोर्तुगीजांना गव्हाचे पीठ फुगवायला खमीर हवे होते आणि ते इथे मिळेना. मग गोव्यात माडाची ताडी, जिला तिकडे सूर म्हणतात, ती पिठात घालू लागले. ताडी आंबलेली असते, तिच्यात खमिराचे जंतू भरपूर, पीठ छान फुगते. गोव्याच्या जुन्या पावाची जी चव लोक आठवतात ती या सुरेची. सुरतेतही तसेच. तिथल्या डच वखारीसाठी पाव भाजणाऱ्या भट्टीवर पुढे दोतीवाला या पारशी घराण्याचे नाव लागले. त्या पावातही ताडी असायची आणि म्हणून गावातले लोक तो घेत नसत, असे सांगतात. मग त्यांनी उरलेला पाव वाळवून विकायला सुरुवात केली आणि पुढे ताडीशिवाय, अंड्याशिवाय नानखटाई केली, ती मात्र लोकांनी आवडीने खाल्ली.

युरोपातही याहून फार वेगळे नव्हते. तिथले भटारी पूर्वी दारूच्या भट्टीवरून बिअरचा फेस आणून त्याने पीठ आंबवत. म्हणजे पाव फुगवायचे साधन शेकडो वर्षे मद्याच्या पिंपातूनच येत होते.

मैत्रिणींनो, हे वाचल्यावर मला आजीविषयी नवा आदर वाटला. आपल्या श्रावकाचारात मद्य, मांस, मधु हे तीन मकार पहिल्या पायरीवरच सोडायला सांगितले आहेत. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात ते आहे, तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात ते आहे. मद्याने फुगवलेली रोटी चौक्यात नको, हा साधा सरळ निष्कर्ष होता. आजीला पोर्तुगीज माहीत नव्हते, सूर माहीत नव्हती, पण कुठून तरी ती बातमी पिढ्यान् पिढ्या चालत कारंज्यापर्यंत आली होती. पायाने तुडवण्याचे कारण तिने नंतर जोडले असावे.

पण इथेच थांबले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. पाव नाकारण्यामागे दुसरे एक कारण होते आणि ते तितके सुंदर नाही. ते म्हणजे, कोणाच्या हातचा.

वसईकडे एक गोष्ट घरोघर सांगतात, की पाद्री विहिरीत पाव टाकत आणि ते पाणी प्यालेले सगळे गाव बाटले असे समजत. किती वेळा खरोखर घडले हे बाजूला ठेवा, पण लोकांच्या मनात पाव म्हणजे बाटणे हे किती घट्ट बसले होते ते त्यावरून दिसते. इतके, की सुधारकांनी त्याचाच उपयोग केला. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. आपण ज्यांचे व्याकरण शिकलो ते दादोबा पांडुरंग त्यात होते. जात मोडायची हा सभेचा हेतू, आणि सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन दाखवावा लागे. सगळे गुप्त चाले. १८६० मध्ये सभासदांच्या नावांचे पुस्तक चोरीला गेले आणि नावे बाहेर येतील या भीतीने सभाच बंद पडली. एका पावाच्या तुकड्याची केवढी दहशत! पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी गेली, तिथे चहा-बिस्किटे पुढे आली, आणि गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, नावे छापून टाकली. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहा आणि बिस्किटांसाठी!

१८९८ साली दिल्लीत हिंदू बिस्किट कंपनी निघाली, ती याच भीतीवर. आमचा माल उच्चवर्णीयांच्या हातचा आहे, हेच तिचे सांगणे. व्यापाराच्या दृष्टीने हुशारी म्हणावी लागेल. पण त्यात अहिंसेचा कुठे संबंध नव्हता.

आपण जैन या गोष्टीपासून अगदी दूर होतो असे म्हणायला मला जड जाते. आमच्या सैतवाळ घरांतही सोवळे होते, शिवाशिव होती. पावात काय आहे हा प्रश्न आणि पाव कोणी केला हा प्रश्न, दोन्ही एकाच नकारात गुंडाळलेले होते. पहिला आपल्या धर्माचा आहे. दुसरा शेजाऱ्यांकडून आलेला आहे आणि तो मी माझ्या चौक्यातून काढून टाकला आहे. सुनेला आणि नातीला सांगताना मी हे दोन वेगळे करून सांगते, कारण तरुण मुली दुसरे कारण ऐकून पहिलेही फेकून देतात.

याबाबतीत मला आमच्या यवतमाळच्या भट्टीची आठवण येते. माझे लग्न १९८२ चे. शकुंतलेने, म्हणजे आपल्या मूर्तिजापूर-यवतमाळ छोट्या गाडीने, कारंज्याहून दारव्ह्यावरून यवतमाळला आले. त्या काळी दिवाळीआधी सगळ्या बायका स्टीलच्या डब्यांतून रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन भट्टीवर जायच्या. सामान आपले, भाजणे त्यांचे, मजुरी किलोवर. भट्टीवाले चाचा मुसलमान. सासूबाई त्यांना म्हणायच्या, "चाचा, आमचे पत्रे पहिले." आणि चाचा खरोखर आमचे पत्रे सकाळी सर्वांत आधी लावायचे, अंड्याचा माल नंतर. पत्रे घासून पुसून, आमच्यासमोर. एकदा दुसऱ्या कोणाचा पत्रा मध्ये आला तर त्यांनीच आम्हाला थांबवले, "बाई, हा नका घेऊ." सासूबाई रात्री पाणीसुद्धा न घेणाऱ्या, पण त्या नानखटाईवर त्यांचा पूर्ण विश्वास. विश्वास हाताच्या जातीवर नव्हता, हात काय करतो हे दिसत होते त्यावर होता.

उलट अनुभवही आहे. पुढे गावातल्या एका चकचकीत बेकरीत मी बन घ्यायला उभी होते. बाहेर पाटी शुद्ध शाकाहारी. आत मुलगा एकाच ब्रशने केकच्या भांड्यातले अंडे बनांवर फिरवत होता, वर चकाकी यावी म्हणून. विचारले तर म्हणाला, आतमध्ये अंडे नाही ना, वरून आहे. मी बन तिथेच ठेवले. त्या बेकरीचे नाव लिहीत नाही, कारण मालक बदलले आहेत आणि प्रश्न एका दुकानाचा नाही. बेकरीत जाणार असाल तर दोन गोष्टी तोंडाने विचारा. चकाकीला काय लावता? आणि पत्र्याला चोपडायला काय वापरता? दूध आणि तेल असे उत्तर देणारेही पुष्कळ भेटतात.

आता पुड्यातला ब्रेड. तो आपल्याकडे आला उशिरा. यवतमाळ हा कापूस-ज्वारीचा जिल्हा. रोज ज्वारीची भाकर, सणाला आणि पाहुण्याला गव्हाची पोळी. पाव साहेबाचा, नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ सालची, तिकडे गोऱ्या शिपायांसाठी तो भाजला जायचा. आपल्या गावांत पाव होता तो आजाऱ्याचा. ताप आला, की डॉक्टर दूध-पाव सांगायचे.

साठच्या दशकात देशात धान्याची टंचाई झाली, अमेरिकेहून गहू जहाजांनी येऊ लागला. १९६५ साली सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली, ऑस्ट्रेलिया-कॅनडाच्या मदतीने यंत्रे आली, आणि जीवनसत्त्वे घातलेला कापलेला ब्रेड शहरांत मिळू लागला. म्हणजे सरकार ब्रेड विकत होते, हे आज नातवांना सांगितले तर हसतात. २००० साली तीच कंपनी हिंदुस्थान लिव्हरला विकली गेली. सरकारी कंपनी खासगी हातात देण्याची ती अगदी सुरुवातीची मोठी घटना, आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यांच्या लक्षात राहिलेली. आता ती मेक्सिकोच्या बिंबो कंपनीकडे आहे. कापलेला ब्रेड ही कल्पनाच मुळात तशी अलीकडची. यंत्राने कापून पुडा बांधून विकलेला पहिला ब्रेड अमेरिकेत मिसुरी राज्यात ७ जुलै १९२८ रोजी विकला गेला. माझ्या सासूबाईंचा जन्म त्याच सुमाराचा.

त्यांचीच एक गोष्ट सांगते. १९८७ साली त्यांना टायफॉइड झाला. पंधरा दिवस ताप. डॉक्टर म्हणाले, पोटाला जड काही नको, दूध आणि ब्रेड द्या. त्यांनी मान हलवली, नाही. मुलगा समजावतो, मोठे दीर रागावतात, डॉक्टर म्हणतात आजी औषध समजून घ्या. त्यांचे एकच उत्तर, "औषध घेते आहे ना. हे औषध नाही." अंगात त्राण नव्हते, वजन पार उतरले होते, आणि घरात दोन तट पडले होते. माझ्या नणंदेला वाटत होते की हट्टापायी आई हातची जाईल. मला काही बोलायचा अधिकार नव्हता, नवी सून. मी काय केले, तर पातळ फुलके लाटून, मंद आचेवर फडक्याने दाबून दाबून कडक केले. गुजराती घरात खाकरा म्हणतात तोच. तो दुधात भिजवला की मऊ लापशीसारखा होतो. तो त्यांनी खाल्ला. डॉक्टरांना दाखवला, तर ते म्हणाले, हे चालेल, यात फुगवायला काही नाही एवढाच फरक. तेव्हापासून आमच्या घरात पावाच्या प्रश्नाला खाकरा हे एक उत्तर झाले.

पण सासूबाईंचा नकार नक्की कशाला होता? मी नंतर विचारले. त्यांचे उत्तर ताडीचे नव्हते, जातीचे तर नव्हतेच. त्या म्हणाल्या, "तो कधीचा आहे, सांग बरं."

हाच माझ्या मते मुद्द्याचा प्रश्न, आणि यावर आपल्यात सर्वांत कमी बोलले जाते. सगळी चर्चा यीस्टवर अडकते. यीस्टचे थोडक्यात असे. १८५७ ते १८६० च्या सुमारास लुई पाश्चरने दाखवले, की आंबणे हे जिवंत सूक्ष्म जीवांचे काम आहे. आजचे यीस्ट कारखान्यात उसाच्या मळीवर वाढवतात, दारूच्या पिंपातून ते येत नाही. म्हणजे मद्याचा आक्षेप बराचसा गळतो, पण जीवांचा आक्षेप उलट पक्का होतो, कारण एका चिमटीत ते अब्जावधी असतात आणि भट्टीत सगळे मरतात. माझी नात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ती लगेच म्हणते, "आजी, मग दह्यातही जीव आहेत." आहेत. शास्त्राने दह्याला काळाची मर्यादा घातली, आमच्याकडे विरजल्यापासून २४ तास, आणि त्या मर्यादेत ते चालवले. यीस्टबद्दल विद्वानांत एकमत नाही. कोणी चालवतात, कोणी नाही. मी बी.कॉम. बाई, निवाडा देणार नाही. तुमचे गुरू, माताजी काय सांगतात ते विचारा.

या बाबतीत आपण एकट्या नाही, हेही सांगून टाकते. आपल्याच कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक वल्हांडण सणाला आंबवलेले काही घरात ठेवत नाहीत. आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्यावरून त्यांच्यात त्या सणाला नावच पडले होते. अलिबागच्या बाजूला तेलाची घाणी चालवणारी साधी माणसे, आणि घरातले खमीर इतक्या काळजीने दूर ठेवणारी.

यीस्टवर मतभेद असू शकतो. बासी अन्नावर आपल्यात मतभेद नाही. ओलावा असलेले शिजवलेले अन्न रात्र ओलांडून खायचे नाही, हे लहान मुलीलाही माहीत असते. आपली भाकर दुसऱ्या दिवशी आपण खात नाही. मग पुड्यातला ब्रेड कुठे बसतो? तो आदल्या दिवशी किंवा त्याही आधी भाजलेला, मऊ म्हणजे ओलसर, आणि पुड्यावर पुढच्या चार-पाच दिवसांची तारीख. तो टिकावा म्हणून त्यात कॅल्शियम प्रोपिओनेट असते, पुड्यावर २८२ असा आकडा लिहिलेला सापडेल. ते बुरशी लांबवते आणि आणखी एक रोग लांबवते. पावसाळी उष्ण हवेत ब्रेडच्या आत एक जंतू वाढतो, तुकडा तोडला तर आतून चिकट तारा निघतात. भटाऱ्यांना हा रोग चांगला माहीत आहे. आता आपल्या पिठाच्या मर्यादा आठवा. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. पावसाळ्यात सर्वांत कमी. श्वेतांबर मैत्रिणींकडे खाकरा-मिठाईचा हिशेब वेगळा, तीस, वीस आणि पंधरा दिवस, पण चातुर्मासात सर्वांत कमी हे तिथेही तसेच. सूक्ष्मदर्शक नसताना हे कोणी पाहून ठेवले असेल!

टोस्टचे काय, असे विचाराल. चहात टोस्ट बुडवणे हा तर आपल्या वऱ्हाडाचा जीव की प्राण. टोस्ट कोरडा असतो, खरे. पण तो करताना आधी ब्रेड भाजतात, तो कित्येक तास, पुष्कळदा रात्रभर, गार होऊ देतात, म्हणजे कापताना चुरा होत नाही, आणि मग काप पुन्हा भट्टीत घालतात. म्हणजे कोरडा झाला तो बासी झाल्यावर. हे मला भट्टीवाल्या चाचांनी सांगितले होते, आणि ते ऐकून सासूबाईंनी त्याच दिवशी टोस्ट सोडला. मला मात्र सोडायला बरीच वर्षे लागली, टोस्ट मला फार आवडायचा.

पुड्यावरच्या हिरव्या ठिपक्याबद्दल थोडे. हा नियम २००१ सालचा. अंडे असेल तर हिरवा ठिपका मिळत नाही, तेवढी खात्री तो देतो आणि ती मोठी सोय आहे. पण मधाच्या बाटलीवरही हिरवाच ठिपका असतो, आणि मध आपल्या तीन मकारांतला. लसणाच्या ब्रेडवरही हिरवाच. तो शाकाहाराचा ठिपका आहे, आपल्या चौक्याचा नाही. आकडे वाचायची सवय ठेवा. ४७१, ४८१ हे ब्रेड मऊ ठेवणारे स्निग्ध पदार्थ आहेत, ते वनस्पतीपासूनही होतात आणि प्राण्यापासूनही होऊ शकतात, म्हणून ठिपका पाहूनच घ्यावे. ९२० हा पिठाला मऊ करणारा पदार्थ पूर्वी पिसांपासून, केसांपासून काढत. आणि २०१६ साली दिल्लीच्या सीएसई संस्थेने ब्रेडचे नमुने तपासले, त्यात पोटॅशियम ब्रोमेटचे अंश निघाले, तेव्हा सरकारने त्याच वर्षी त्यावर बंदी घातली. तोवर वर्षानुवर्षे ते आपल्या मुलांच्या डब्यांत होते.

मग घरचा. घरची रोटी भाजणे ही काही परदेशी विद्या नाही. आपल्याकडे रोडगे आहेत. जाडसर दळलेल्या गव्हाचे पीठ तेल घालून घट्ट भिजवायचे, एकावर एक पुड घालून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. वरची राख झटकून तो फोडला आणि तुपात बुडवला, की कोणता ब्रेड त्याच्यापुढे उभा राहील? पळसाच्या पानांत दाबून भाजलेले पानगे आहेत. लोक रोडग्यांबरोबर वांग्याची भाजी करतात, आपण बहुबीज म्हणून वांगे टाळतो, तर आमच्याकडे घट्ट वरण आणि कच्च्या केळीची भाजी असते. गोवऱ्या मात्र आधी उन्हात ठेवून, झटकून, पाहून घ्यायच्या, त्यात किडे-मुंग्या असतात. खमीर नाही, सोडासुद्धा नाही, आणि त्याच दिवशी संपणारे.

शेजारच्या वर्ध्याचा धागाही यात आहे. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला असताना त्यांनी बेकरीचा पाव बंद केला आणि कुन्हे या जर्मन निसर्गोपचारकाच्या पद्धतीने, न आंबवलेल्या कोंड्यासकट पिठाचा पाव घरी करायला घेतला. त्यासाठी सात पौंडाचे हातजाते आणले आणि पोलॉक, मुले आणि स्वतः गांधीजी ते ओढत. त्यांच्या मनावर श्रीमद् राजचंद्रांचा प्रभाव होता हे आपल्याला माहीत आहेच. पुढे १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चालले आणि हातदळणीच्या पिठाचा प्रचार तिथून झाला. जाते पुरुषांनी ओढले, हे मी घरात मुद्दाम सांगत असते.

आणि सोड्याचा पाव. यामागे एक गोड गोष्ट आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीला अंडी चालत नव्हती आणि यीस्टही चालत नव्हते, आजारी पडायची. त्याने तिच्यासाठी १८३७ मध्ये बिनअंड्याचे कस्टर्ड शोधले आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय पाव फुगवणारी बेकिंग पावडर. त्या बाईला जैन धर्म ठाऊक नव्हता, पण तिच्या पथ्याने आपली सोय करून ठेवली. सोड्याला आंबट मिळाले की वायू निघतो आणि पीठ फुगते, त्याला जीव लागत नाही, रात्रभर थांबावेही लागत नाही.

माझी पद्धत अशी. पाव किलो ताजी कणीक, पाऊण चमचा खायचा सोडा, पाऊण चमचा मीठ, दोन चमचे तेल, वर लावायला तीळ. सोडा-मीठ कणकेत चाळून घ्यावे. त्याच दिवशीचे साधारण २०० ग्रॅम दही घुसळून त्यात घालावे आणि हलक्या हाताने गोळा करावा, पोळीसारखे मळू नये, नाहीतर दगड होतो. वर सुरीने फुली मारून ओव्हनमध्ये २०० अंशावर ३५ ते ४० मिनिटे. खालून टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे. दही आहे म्हणून बेसन किंवा कुठल्याही डाळीचे पीठ यात घालू नका, द्विदल होईल, आणि यासोबत हरभऱ्याची भाजीही वाढू नका. सकाळी केला तर सूर्यास्ताआधी संपवायचा. चारजणांत सहज संपतो.

आता तो दहा ओळींचा हिशेब. कणीक बारा रुपये, दही वीस, तेल-तीळ-सोडा पाच, वीज सुमारे एक युनिट म्हणजे दहा. सत्तेचाळीस रुपयांत जवळजवळ ४०० ग्रॅम. पुड्यातला गव्हाचा ब्रेड तेवढ्याच वजनाचा साधारण त्याच भावात येतो. बेकरीची पावाची लादी दोघांपेक्षा स्वस्त. म्हणजे पैशाने घरचा जिंकत नाही. शिवाय माझा पाऊण तास मी धरलेलाच नाही. गृहिणीची मजुरी शून्य धरायची, ही आपल्याकडच्या प्रत्येक हिशेबातली जुनी खोट आहे. सुनेला सकाळी सातला निघायचे असते, तिने हा पाव रोज भाजावा असे मी म्हणणार नाही.

तर आमच्या घरात सध्या असे आहे. पुड्यातला ब्रेड येत नाही, सुनेने स्वतः आकडे वाचून तो बंद केला, मी सांगितले नव्हते. पावभाजी व्हायची ती रविवारी सकाळी, दुपारच्या जेवणाला. पाव त्याच सकाळच्या भट्टीचा, चकाकीला दूध लावणाऱ्याकडचा, भाजीत बटाट्याऐवजी कच्ची केळी. हे यीस्ट चालवून घेणे आहे, याची मला जाणीव आहे, आणि मी स्वतः तो घेत नाही, माझ्यापुरता नियम आहे. मुलगा-सून घेतात. चातुर्मासात ते दोघेही घेत नाहीत. सोड्याचा पाव पंधरवड्यातून एकदा होतो. रोडगे हिवाळ्यात, गच्चीवर.

नात पुण्याला वसतिगृहात आहे. तिच्यासाठी खाकऱ्याचा डबा जातो, आमच्या घरात त्यालाही पिठाचीच मर्यादा, म्हणून झाकणावर पेन्सिलीने तारीख घालते. मागच्या वेळी फोन करून विचारले, सात दिवसांत संपले का गं? म्हणाली, "आजी, खोलीतल्या मुलींनी दोन दिवसांत संपवले. आता मेथीचे पाठव."